गणपतीच्या तळ्यातला विलायती मासा

उत्तरकाशीहून गंगोत्रीच्या रस्त्याला लागलं की चार-पाच किलोमीटरवर गंगोरी येतं. डाव्या हाताच्या दरीतून एक नदी धसमुसळेपणानं येते आणि भागीरथीत शिरते. ही अस्सीगंगा. चारधामवाले इथं थांबत नाहीत, पण पूल ओलांडताना ड्रायव्हर गाडी हळू करतो आणि हटकून २०१२ ची गोष्ट काढतो. त्या वर्षी ३ ऑगस्टच्या रात्री या खोऱ्यात ढगफुटी झाली. अर्धवट बांधलेले जलविद्युत प्रकल्प, मजुरांच्या झोपड्या, रस्ता, गंगोरीचा पूल, सगळं नदीनं एका रात्रीत उचलून नेलं. पुढे तिथं लोखंडी बेली पूल टाकला, तर तोही २०१७ च्या डिसेंबरात ट्रकांच्या ओझ्यानं खाली बसला. काठावरच्या माणसांनी या नदीवर भरवसा ठेवणं केव्हाच सोडून दिलंय.

आणि हीच नदी ज्या तळ्यातून निघते, ते तळं मात्र कधी अंगावर येत नाही. दोडीताल. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर, चारी बाजूंनी देवदार आणि खरसूचं रान, आणि पोटात झरे. तळं लहान आहे. रमतगमत प्रदक्षिणा घातली तरी पाऊण तास पुरतो. तिथं जाणारे लोक साधारण दोन प्रकारचे. एक, पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन दारवा खिंडीतून पलीकडे यमुनोत्रीच्या बाजूला हनुमानचट्टीला उतरणारे ट्रेकर. यांत पुण्या-मुंबईची पोरं पुष्कळ. दुसरे, गणपतीच्या दर्शनाला येणारे. मी दोन्हींत बसत नव्हतो. माझं लहानपण महाडच्या बाजूला, सावित्री आणि काळ नदीच्या काठानं गळ टाकत गेलं. मला दोडीतालचा ट्राउट मासा बघायचा होता.

संगमचट्टीपर्यंत जीप जाते. तिथून पायी: अगोडा, बेवरा, मांझी आणि मग तळं. वीसेक किलोमीटरची चाल. वाट रुंद, फरशीची, खेचरांच्या खुरांनी गुळगुळीत झालेली. बांज आणि बुरांशच्या सावलीतून ती इतकी बेतानं चढते की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला आपण चढतोय हे पटायला वेळ लागतो. पटतं ते मांझीच्या पुढे, दम लागल्यावर. मांझीला उन्हाळ्यात गुराख्यांच्या छान्या असतात, चहा मिळतो. माझ्याबरोबर अगोड्याचा एक तरुण होता. हिवाळ्यात तो देहरादूनला हॉटेलात काम करतो, एप्रिलपासून खेचरं हाकतो. वाटेत त्यानं मला विचारलं, ‘सरजी, मुंबईत एवढा समुद्र आहे, आणि तुम्ही मासे बघायला डोंगरावर येता?’ या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तळ्याच्या काठी लहानसं देऊळ आहे. गणपती आणि त्याची आई, अन्नपूर्णा. गणपतीचा जन्म इथलाच, असं इथली माणसं मानतात. पार्वती स्नानाला बसली, अंगाच्या मळाचा मुलगा करून तिनं दारात उभा केला, शंकर आले आणि पुढचं रामायण झालं, ते इथं. आपल्याकडे हा मान लेण्याद्रीचा. गिरिजात्मज म्हणतात तो तिथला. पार्वतीनं तिथं तप केलं आणि तिथंच तिला हा मुलगा लाभला, असं आम्ही मानतो, हे मी पुजाऱ्यांना सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘माँ कुठं कुठं राहिली असेल, त्याचा हिशेब कोण ठेवणार?’ म्हणाले, आणि कणकेचा एक गोळा माझ्या हातात ठेवला. ‘मछलियों को डालो.’

मी डाव्या हातानं गोळा कुस्करून एक तुकडा पाण्यात टाकला. पायरीखालच्या सावलीतून एक काळपट पाठ निघाली, तुकड्याखाली येऊन तिरकी झाली आणि तुकडा गेला. मागून दुसरी, मग पाच-सहा. पाणी इतकं नितळ की अंगावरचे तांबडे ठिपके वरून मोजता यावेत. शंकाच नव्हती. ब्राउन ट्राउट. इंग्लंडात ज्याला फसवण्यासाठी जंटलमन लोक पिढ्यान्‌पिढ्या पिसं आणि रेशीम घेऊन नकली माश्या बांधत बसले, ज्याच्यावर कपाटंच्या कपाटं पुस्तकं लिहिली गेली, तो मासा इथं ब्राह्मणाच्या हातची कणीक खात होता.

हा मासा आपला नव्हे. भारतातल्या कुठल्याही नदीत ट्राउट मुळात नव्हता, हिमालयातही नव्हता. ब्राउन ट्राउट युरोपातला. रेनबो ट्राउट अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. साहेबांनी इथं टेकड्या शोधल्या, त्यावर बंगले बांधले, चहा लावला, क्लब काढले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की ओढ्यांत हवा तो मासाच नाही. मत्स्यशास्त्रज्ञ म्हणून पुढे नाव झालेल्या फ्रान्सिस डे यांनी १८६० च्या दशकात निलगिरीवर ट्राउट आणायची खटपट केली, ती फसली. काश्मीरचा पहिला प्रयत्नही तसाच गेला. १८९९ साली बेडफर्डच्या ड्यूकनं दहा हजार अंडी पाठवली, ती वाटेतच मेली. पुढच्या वर्षी पुन्हा माल निघाला आणि १९०० च्या डिसेंबरात जिवंत पोहोचला. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारा फ्रँक मिचेल नावाचा स्कॉटिश गृहस्थ या उद्योगाच्या मुळाशी होता आणि महाराजा प्रतापसिंहांचा त्याला पाठिंबा होता. गालिचेवाल्यानं माशांचा नाद का करावा, हे मला समजू शकतं. नाद असाच असतो.

इतक्या लांबचा प्रवास अंड्यांनी केला कसा, हा भाग मला त्यातल्या राजकारणापेक्षा मोठा वाटतो. ट्राउटचं अंडं वाटाण्याहून लहान, नारिंगी, पारदर्शक. घातल्यानंतर काही दिवसांनी त्यात दोन काळे ठिपके दिसायला लागतात. ते पिल्लाचे डोळे. त्याच्या आधी अंड्याला धक्का लागला तर ते दगावतं. डोळे दिसू लागले की ते बरंच सोसतं, अगदी पाण्याबाहेरही, ओलसर राहिलं तर. शिवाय त्याचा काळ उष्णतेवर चालतो. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात ते साधारण दीड महिन्यात फुटेल, पाच अंशांवर ठेवलं तर त्याच्या दुपटीहून अधिक काळ घेईल. म्हणजे बर्फ लावला की अंड्याचं घड्याळ मंद होतं. डोळे आलेली अंडी ओल्या शेवाळात, थराथरांनी पेटीत भरायची, वर बर्फ ठेवायचा, आणि तो बर्फ सुएझपासून मुंबईपर्यंत, मुंबईपासून पुढे रेल्वेत आणि टांग्यात संपू द्यायचा नाही. सगळा डाव बर्फावर होता.

काश्मीरात ट्राउट रुजला आणि मग तिथली अंडी इतर डोंगरांत जाऊ लागली. १९०९ मध्ये कुलूला. १९१० च्या सुमारास गढवालला. तेव्हा हा मुलूख टिहरी संस्थानात होता, आणि अस्सीगंगेच्याच काठी कल्दियाणीला अंडी उबवायची हॅचरी निघाली. या खोऱ्यात ट्राउट पसरला तो तिथून. आमच्या जीपवाल्याचं म्हणणं मात्र वेगळं होतं. त्याच्या मते मासे विल्सनसाहेबानं सोडले. हर्सिलचा फ्रेडरिक विल्सन, ‘पहाडी विल्सन’, देवदार तोडून भागीरथीतून ओंडके सोडणारा आणि त्यात गबर झालेला. या भागात सफरचंदापासून कशाचंही श्रेय द्यायचं झालं की विल्सन तयार असतो. पण विल्सन १८८३ मध्ये वारला, आणि काश्मीरला पहिला ट्राउट पोहोचला त्यानंतर सतरा वर्षांनी. हे मी जीपवाल्याला सांगितलं. ‘मग त्याच्या मुलानं सोडले असतील,’ तो म्हणाला.

आता तळ्याकडे वळतो, कारण मासा तिथं टिकला तो महाराजांच्या किंवा साहेबाच्या कृपेनं नव्हे. टिकला तो झऱ्यांमुळे.

देवळाच्या समोरच्या काठाला, पाण्यात आडव्या पडलेल्या एका ओंडक्याजवळ, तळाची वाळू हलताना दिसत होती. कढईत साबुदाण्याची खीर रटरटावी तशी. बुडबुडे नव्हते, वाफ नव्हती. नुसती वाळू आतून वर यायची आणि बाजूला ओघळायची. बाही वर करून मी हात घातला. बोटांना खालून पाण्याचा दाब लागत होता, आणि आजूबाजूच्या उथळ पाण्यापेक्षा ते पाणी स्पष्ट गार होतं. त्या एका वीतभर जागेतून तळं जन्माला येत होतं आणि अशा जागा आणखी असणार.

उन्हाळ्यात उतारांवरचा बर्फ वितळला की ओहोळ येऊन मिळतात, पावसाळ्यात तर मिळतातच. पण झऱ्याच्या पाण्याची गोष्ट निराळी. जमिनीखालून येणारं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं असतं. उन्हाळ्यात ते हवेपेक्षा गार, थंडीत हवेपेक्षा उबदार. तळ्याचा वरचा थर गोठला तरी झऱ्यापाशी पाणी मोकळं राहू शकतं. ट्राउटला एवढंच हवं असतं: गार पाणी, पुरेसा प्राणवायू आणि खडबडीत गोट्यांचा तळ. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. पंचविशीच्या आसपास तो मरतो. आपल्याकडच्या मरळीला चिखलात दिवस काढता येतात, वर येऊन हवा गिळता येते. ट्राउटला असलं काही जमत नाही. फार नाजूक प्रकृतीचा पाहुणा आहे हा.

अंडी घालायलाही त्याला वाहतं पाणी लागतं. मादी शेपटीनं गोटे उकरून खळगा करते, अंडी सोडते, पुन्हा गोट्यांनी झाकते. खालून पाणी झिरपत राहिलं तरच अंडी जगतात. हा सगळा उद्योग थंडीच्या तोंडावर चालतो. आपण इकडे आकाशकंदील टांगतो, तिकडे भाऊबीजेला यमुनोत्रीचे दरवाजे बंद होतात, आणि त्याच दिवसांत दोडीतालचे ट्राउट तळ्याच्या तोंडाशी, अस्सीगंगा जिथून निघते तिथल्या गोट्यांत जायला लागतात. तेव्हा तिथं बघायला माणूस नसतो.

हे झरे तरी कुठून येतात? मोठा मजेशीर प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्यांत पुण्याची अ‍ॅक्वाडॅम ही संस्था पुढे आहे. डॉ. हिमांशु कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातल्या झऱ्यांवर अनेक वर्षं काम केलंय, गावोगावच्या लोकांना खडक वाचायला शिकवलंय. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: झरा ज्या उतारावर फुटतो, त्याच उतारावर त्याचा पाऊस पडलेला असेल असं धरून चालू नका. खडकाचे थर कुणीकडे कलले आहेत, भेगा कुठून कुठं जातात, यावर ते ठरतं. पाणी डोंगराच्या एका अंगाला मुरतं आणि दुसऱ्या अंगाला निघतं. म्हणून झऱ्यापाशी कितीही झाडं लावली, कुंपण घातलं, तरी पलीकडच्या उतारावर रस्त्यासाठी सुरुंग लावले तर झरा आटू शकतो. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानं हिमालयातले जवळपास निम्मे बारमाही झरे आटले किंवा हंगामी झाले असं म्हटलंय. शिवाय हा सारा भूकंपाचा पट्टा. १९९१ च्या २० ऑक्टोबरला उत्तरकाशीचा भूकंप झाला, त्याचा घाव अगोड्याच्या बाजूलाही बसला. अगोड्यात आजही माणसं वय सांगताना भूकंपाच्या आधी-नंतर असं सांगतात.

तळ्यात गळ टाकायचा माझा विचार होताच, लपवत नाही. पण माझा परवाना नदीचा होता, तळ्याचा नव्हता, आणि देवळासमोर काठी काढली असती तर पुजारी काही बोलले नसते, पण अगोड्याच्या पोराला पुढे गावात तोंड दाखवायची पंचाईत झाली असती. तेव्हा मी नुसता बसलो. गळवाल्याला गळाशिवाय पाण्याकाठी बसवणं ही शिक्षाच. हात शिवशिवतात. पण हातात काठी नसली की माणूस जे बघतो ते काठी असताना बघत नाही, हेही खरं.

संध्याकाळी वारा पडला आणि मासे कणीक सोडून आपल्या मूळ धंद्याला लागले. पाण्यावर चिलटांचा थवा उतरला होता. तळाच्या गाळातून त्यांचे कोष वर येतात, पृष्ठभागाला अडकतात, कात टाकून उडतात. त्या अडकण्याच्या क्षणी ट्राउट त्यांना उचलतो. वर फक्त एक लहान वर्तुळ दिसतं. मोठा मासा फार आवाज करत नाही. उड्या मारणारे सगळे पोरवयाचे. प्रत्येक माशाचा फेरा ठरलेला होता. माझ्या पायाखालच्या खडकापासून निघून ओंडक्यापर्यंत, तिथं वळसा, पुन्हा खडक. एका मोठ्या ट्राउटच्या उजव्या कल्ल्याजवळ पांढरा चट्टा होता, त्यामुळे तो ओळखू यायचा. तो आला की बाकीचे बाजूला सरत. झऱ्याच्या वाळूपाशी पोहोचला की तो थबकायचा, पंख हलवत उभा राहायचा, मग पुढे. नदीतला ट्राउट एका जागी उभा राहतो आणि प्रवाह त्याच्या तोंडाशी अन्न आणतो. तळ्यात पाणी उभं, म्हणून माशाला हिंडावं लागतं. तळ्यावर गळ टाकणाऱ्यानं माशाच्या अंगावर फेकायचं नसतं. तो तीन-चार हातांनंतर कुठं असेल तिथं फेकून वाट बघायची. हे सगळं मी मनात फेकून पाहिलं. पांढऱ्या चट्ट्याचा मासा मी मनात पुष्कळ वेळा धरला.

खरी काठी काढली ती उतरताना, खाली नदीवर.

फ्लायची, म्हणजे नकली माशीची, काठी आपल्या गळापेक्षा मुळातच उलटी आहे. आपण शिशाचा गोळा बांधतो. गोळा पुढे जातो, दोरा त्याच्या मागे. फ्लायला वजनच नसतं, ते एक पीस आणि चार वेढे. म्हणून इथं वजन दोऱ्यात असतं. जाड, लेपाचा दोरा मागे झटकायचा, तो पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मग पुढे. सगळी कला त्या थांबण्यात. कोकणातल्या माणसाला ते थांबणं जमत नाही. माशी मागच्या झाडात जाते. अस्सीगंगेच्या काठी मागे झाडंच झाडं. अगोड्याचा पोरगा बांजावर चढून माझ्या माश्या सोडवत होता आणि दर वेळी खाली येऊन त्या निरखून बघत होता. फेझंटच्या शेपटीचं पीस, त्यावर तांब्याची बारीक तार. ही युक्ती फ्रँक सॉयर या इंग्लंडातल्या नदीराख्याची. तारेनं पीसही बांधलं जातं आणि माशी बुडते. ‘यात किडा कुठंय?’ त्यानं विचारलं. मी पाण्यातला एक दगड उलटा करून दाखवला. खालच्या बाजूला तशाच रंगाचं, तेवढंच, सहा पायांचं एक पिल्लू चिकटलेलं होतं. तेव्हापासून तो दगड उलटे करत माझ्या पुढे चालू लागला, आणि कुठं टाकायचं हे मला सांगू लागला. बरोबर सांगत होता.

एका मोठ्या धोंड्याच्या मागे, जिथं पाणी फिरून थबकतं, तिथं दोरा वाहता वाहता थांबला. ओढ अशी जाणवतच नाही. दोरा थांबतो एवढंच. मी काठी उचलली आणि पलीकडे जीव लागला. ट्राउट खोल जात नाही, आपल्याकडच्या खवल्या माशासारखा तळ धरत नाही, तो इकडून तिकडे सुसाट पळतो आणि धोंड्याखाली शिरायला बघतो. काठी आडवी धरून त्याला मोकळ्या पाण्यात ठेवायचं. हातात आला तो वीतभर आणि थोडा वर. पोट लोण्यासारखं नव्हे, सरळ हळदीच्या रंगाचं; बाजूला काळे ठिपके, त्यांच्यामध्ये तांबडे, आणि प्रत्येक तांबड्याभोवती फिकट निळसर कडं. पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पंख. हात ओले केल्याशिवाय त्याला धरू नये. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचं बुळबुळीत कवच जातं आणि सोडला तरी तो पुढे बुरशी लागून मरतो.

पण मी तो सोडला नाही. आणि इथं मला माझ्या गळवाल्या भाऊबंदांशी थोडं भांडायचं आहे.

पकडा आणि सोडा, हा हल्लीच्या शौकीन गळवाल्यांचा धर्म आहे. महाशीराच्या बाबतीत तो शंभर टक्के योग्य. महाशीर इथला, तो कमी झालाय, त्याला वाढायला वर्षं लागतात. काळ नदीवर वाळणकोंडीच्या डोहात महाशीर टिकून आहेत ते देवीचे मासे म्हणून; वैतरणेवर तिळशाच्या देवळाखालचेही तसेच. तिथं श्रद्धेनं त्या मुलखातला मासा राखला. अस्सीगंगेतला ट्राउट ही उलटी गोष्ट. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जिवांची एक प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात ब्राउन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट आहेत. या नद्यांचा स्वतःचा मासा आहे असेला. तोंड खालच्या बाजूला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा, बर्फाचं पाणी उतरलं की खाली सरकणारा, पुन्हा वर चढणारा. धरणांनी त्याची वाट अडवली, सुरुंग आणि ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणाऱ्यांनी त्याचे डोह साफ केले, आणि वरून ट्राउट त्याची पिल्लं खातो. धोक्यात आलेल्या जिवांच्या जागतिक यादीत असेला आता चढलाय. असेलाच्या नदीत ट्राउटला हळुवार हातांनी परत सोडून छायाचित्र काढणं यात पुण्य कसलं, हे मला कळत नाही. परवान्यात बसतील तेवढे खा.

आणि आपण महाराष्ट्रातल्यांनी यावर फार नाक वर करू नये. लोणावळ्याला टाटांच्या तलावावर महाशीराची पैदास गेली अनेक दशकं चालते. ते काम नावाजण्यासारखंच आहे. पण तिथला निळ्या पंखांचा महाशीर १९७० च्या दशकापासून कावेरीत सोडला गेला, चांगल्याच हेतूनं, आणि कावेरीचा स्वतःचा जो अवाढव्य कुबडा महाशीर होता, तो आज नामशेष व्हायच्या काठावर आहे. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली तेव्हा तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच्या ऱ्हासाला वाळूउपसा, धरणं, स्फोटकं अशी बाकीची कारणंही आहेत, पण आपला पाहुणा त्या यादीत आहे. मासा आणून सोडणं सोपं, परत बोलावणं अशक्य. दोडीतालचे ट्राउट आता तिथलेच झालेत. त्यांना कुणी काढायला जाणार नाही आणि जाऊही नये, पुजारी काठी घेऊन मागे लागतील. पण पर्यटन वाढावं म्हणून आणखी नव्या ओढ्यांत ट्राउटची पिल्लं सोडायचे कार्यक्रम अजून होतात, फीत कापून होतात. त्यापेक्षा शेतातल्या टाक्यांत ट्राउट वाढवणाऱ्या शेतकऱ्याला चार पैसे मिळू द्यावेत. तिथून मासा नदीत निसटणार नाही एवढं बघावं, आणि नदी असेलाला ठेवावी.

संध्याकाळी दोन ट्राउट घेऊन आम्ही अगोड्याला पोराच्या घरी पोहोचलो. त्याची आजी अंगणात लाल चवळी निवडत होती. मासे बघून तिला काही विशेष वाटलं नाही. तिनंच विळा घेऊन ते साफ केले, मी नको नको म्हणत असताना. एकाच्या पोटातून खड्यांच्या नळ्यांत राहणाऱ्या अळ्या निघाल्या, खड्यांसकट गिळलेल्या. दुसऱ्याच्या पोटातून करंगळीएवढा एक मासा निघाला, अर्धा पचलेला. तिनं तो बोटावर घेतला, उलटा करून त्याचं तोंड पाहिलं.

‘असेला,’ ती म्हणाली, आणि कोंबड्यांकडे फेकला.

चुलीवर मोहरीचं तेल तापलं, त्यात जख्या तडतडला, हळद-मीठ लावलेले तुकडे पडले. नातवानं आणि मी मंडव्याच्या भाकरीबरोबर ते चाटूनपुसून खाल्ले. मांस फिकट गुलाबी, काटे कमी, चव सौम्य. आजींनी घेतले नाहीत. मी म्हटलं, गणपतीच्या तळ्यातले नाहीत हो, खालच्या नदीतले आहेत, चालतील की. त्यांनी मान हलवली. देवाचा प्रश्न नव्हता. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे असेला आणायचे. काट्यांनी भरलेला, पण रस्सा असा व्हायचा की भांडं घासावं लागायचं नाही.

‘यात काही नाही,’ कढईकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. ‘कितीही मसाला घाला. पाणी खाल्ल्यासारखं लागतं.’